दोरीच्या आत चार चकल्या

दादा,

तू दोरीच्या आत का गेलास, ते मला कळलंय. इतके दिवस तो प्रश्न घेऊन मी फिरत होते. आता उत्तर मिळालंय आणि ते ऐकवावं असं माणूस एकच, ते म्हणजे तू. म्हणून लिहितेय. हळवं लिहायला मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. भांडायला जमतं, आणि आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

आधी तुझ्या शोकसभेचं सांगते. उपकेंद्राच्या फाटकाबाहेर मंडप घातला होता. तारांच्या कुंपणापलीकडे तुझं ते खडी पसरलेलं यार्ड दिसत होतं आणि मधल्या फेजच्या खांबाच्या जागी नुसता काळा पडलेला लोखंडी सांगाडा उभा होता. मोठे साहेब बोलले. सिद्धार्थसारखा कर्तव्यदक्ष टेस्टिंग इंजिनीअर पुन्हा मिळणार नाही, म्हणाले. दोनच दिवसांनी त्याच साहेबांच्या ऑफिसातून बातमी आली की चौकशीत तुझा निष्काळजीपणा धरणार आहेत. धोक्याची जागा म्हणून तूच दोरी बांधलीस आणि तूच ती ओलांडलीस, असं म्हणतायत. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? दोरी तूच बांधली होतीस आणि तू आतच सापडलास.

गावात वेगळंच चाललं होतं. यार्डातलं गवत काढणाऱ्या बाया आत गेल्या होत्या, त्यांना बाहेर काढायला तू धावलास आणि तेवढ्यात तो सीटीचा खांब फुटला, असं आपल्या पावसपासून रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत सगळे सांगत होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर एका गृहस्थांनी भाषणात तसं म्हटलं आणि लोकांचे डोळे भरून आले. वहिनी समोर बसून ऐकत होती. घरी आल्यावर तिने मला फक्त एवढंच विचारलं, "वन्सं, हे आत कशाला गेले असतील?" त्यानंतर रोज एकदा तरी फोन करून विचारायची.

कुणालाही आत जावं लागू नये, यासाठीच तर आपण तो सगळा खटाटोप केला होता.

आठवतं ना, तू वहिनीला घेऊन त्या रविवारी माझ्याकडे आलास ते? एका हातात बांगड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जळका कागद. मला वाटलं बांगडे भाजून आणलेस. तो दुसऱ्या कुठल्याशा उपकेंद्रातल्या फुटलेल्या सीटीच्या पोटातला कागद होता. सीटी म्हणजे काय, हे तू मला माझ्याच ओट्यावर बरणी उभी करून समजावलंस. चिनीमातीचा उंच पोकळ खांब, आत तेल, तेलात कागदाचे थरावर थर, आणि त्यांच्या मधोमध ती प्रचंड दाबाची वीज. तिचा प्रवाह मोजणं एवढंच त्या खांबाचं काम. कागदाच्या थरात कुठे केसाएवढी पोकळी राहिली की तिथे ठिणगी पडते. एका ठिणगीने काही होत नाही. पण ती पडतच राहते, दिवसरात्र, आणि प्रत्येक वेळी कागद कणभर जाळते. बाहेरून खांब नवाकोरा दिसतो. मग एके दिवशी बॉम्बसारखा फुटतो आणि चिनीमातीच्या फाळी यार्डभर उडतात.

"म्हणजे वाळवीच की," वहिनी म्हणाली होती.

"वाळवीच. पण ही वाळवी बोलते गो," तू म्हणालास. "एकेक ठिणगी पडली का एकेक रेडिओलहर सोडते. बाय, तू पोरांना मोबाइलचे एरियल शिकवतंस ना? मग आमच्यासाठी एक कर की, ह्या वाळवीचं ऐकणारं."

मी हो म्हटलं. वर्ष गेलं त्यात. पहिलं केलं ते नुसतं कांडीचं एरियल. ते मोबाइलचे टॉवर ऐकायचं, रेडिओ स्टेशन ऐकायचं, फाटकासमोरून रिक्षा गेली तर तिचा प्लग ऐकायचं, अख्खी रत्नागिरी ऐकायचं आणि सीटी तेवढी ऐकायचं नाही. वर आपला खारा वारा. समुद्राचं मीठ चिनीमातीवर बसतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं यार्ड चुरचुरत असतं. ती चुरचुरही एरियलला ऐकू यायची. तुमच्या यार्डात तर कुठलाही आवाज आला की एकच शब्द, खार. "काय वाजतंय?" "खार." विषय संपला. मी म्हटलं, हवेतल्या चुरचुरीची लहर संथ असते आणि कागदातल्या ठिणगीची फार तीक्ष्ण. संथ ते गाळून तीक्ष्ण तेवढं ऐकणारा आकार शोधायला हवा. तो सापडला गोल वेटोळ्याचा. तांब्याच्या पत्र्यावर मधून निघून एकमेकांभोवती फिरत बाहेर येणाऱ्या दोन पट्ट्या. केबल नेमकी त्या मधल्या टोकाला जोडायची असते आणि तिथेच सगळं बिघडतं. ते जमेपर्यंत मी पावसाळ्यात कपडे वाळत घातल्यासारख्या बाद झालेल्या तबकड्या खिडकीत टांगल्या होत्या. तू एक उचललीस, उलटीसुलटी केलीस आणि म्हणालास, "काय गो बाय, चकल्या तळल्यास काय?"

तेव्हापासून त्या चकल्या. माझ्या कॉलेजातसुद्धा आता तेच नाव पडलंय.

स्टीलच्या डब्यांची गंमत मी शोकसभेत सांगणार होते, पण ती राहून गेली. आपण मधल्या फेजच्या आसपास चार चकल्या चार खुंटांवर बसवल्या. केबल ओढून यंत्र कंट्रोल रूममध्ये ठेवलं. पाऊस आला म्हणून तू वहिनीच्या मांडणीवरचे चार स्टीलचे डबे नेलेस आणि चकल्यांवर पालथे घातलेस. मग मला खुशीत फोन, "बाय, सगळा शांत झाला बग. सीटी बरी झाली!" स्टीलच्या डब्यात कोंडल्यावर एरियल कुणाचं कप्पाळ ऐकणार? मी स्कूटरवरून भिजत आले आणि कंट्रोल रूममधल्या ऑपरेटर रहाटेंच्या देखत तुझ्यावर ओरडले. डबे काढताना एक चकली तुझ्या हातून खडीवर पडली, तेव्हा तर जास्तच. "जपून! वर्ष घातलंय मी ह्यात, दादा!" तू ती शर्टाने पुसलीस, छातीशी धरलीस आणि अगदी शहाण्यासारखा म्हणालास, "आता नाय पाडनार." वहिनीला डबे परत दिलेस आणि आइस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे आणलेस. ते बरोबर होते.

डबे बदलल्यावर लगेच ऐकू आलं. भर पावसात. तू पडद्यासमोर उभा होतास आणि तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. "पावसात खार धुवून जाते," तू हळूच म्हणालास, "मग हा कोन बोलतोय?" चारही चकल्यांना तीच ठिणगी ऐकू येत होती, पण जी जवळ तिला किंचित आधी. तेवढ्या फरकावरून जागा काढली. मधल्या फेजची सीटी. आपण दोघांनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. पावसात स्वच्छ झालेली, तपकिरी, चकचकीत उभी होती.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि तू सीटी बदला म्हणून सांगत राहिलास. ती बदलायची तर लाइन बंद करावी लागते आणि लाइन बंद करायची परवानगी वरून यावी लागते. नवी सीटी येऊन पडलीसुद्धा, पण लाइन बंद मिळेना. कधी हे कारण, कधी ते. हळूहळू चुरचुर सुरू झाली तसे साहेब म्हणाले, खार असेल. तू म्हणालास, पावसातही होतं. ते म्हणाले, शिमगा होऊन जाऊ दे, सगळे चाकरमानी गावी आलेले असतात, अंधार केला तर लोक फाटक तोडतील.

इथे आपलं भांडण झालं. मी म्हटलं, त्यांच्या वरच्यांकडे जा. तू गेला नाहीस. मला वाटलं होतं तू साहेबांना घाबरतोस. ते तरी परवडलं असतं. तू मला काय सांगितलंस? "बाय, लोक वरसातनं एकदा घरी येतात. पालखी दारात आल्यावर दिवे गेले तर कसा वाटल त्यांना? थोडे दिवस तर हायत." आपल्या दारात पालखी येत नाही, दादा. कधीच आली नाही. आणि तू त्यांच्या दिव्यांची काळजी करत बसलास. मी तुला मूर्ख म्हटलं आणि फोन ठेवला. अजूनही तेच म्हणते. फक्त आता तू ऐकत नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू मिरकरवाड्यावरून होडीची पिवळी दोरी आणलीस आणि त्या सीटीभोवती मोठं रिंगण घातलंस. इतकं मोठं की रहाटे वैतागले, पाण्याच्या टाकीकडे जायला वळसा पडायला लागला. गवत काढणाऱ्या बायांची जेवायला बसायची सावली आत गेली. त्या कुरकुरल्या तर तू त्यांना कुंपणाजवळ ताडपत्री बांधून दिलीस. चकल्या मात्र आतच राहिल्या, कारण जवळून नीट ऐकू येतं.

मला आत्ता ती चप्पल आठवतेय. तुला आठवेल. ओहोटीला आपण खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढायला गेलो होतो. भरती लागली तशी तू मला काठावर ढकललंस, आणि माझी एक चप्पल चिखलात रुतून राहिली. मी तिला विसरलेसुद्धा होते. तू मागे फिरलास. पाणी तुझ्या छातीला लागलं आणि तू चप्पल डोक्यावर धरून आलास. आईने तुला तिथेच बडवलं. तुटकी चप्पल होती, अंगठा शिवलेला. आई ओरडत होती, "म्येला असतास रे! नवी घेतली असती ना!" आणि तू मार खात खात म्हणालास, "पन ती हितंच दिसत होती." जन्मभर तू तसाच. रस्त्यात पडलेला नट दिसला तर वाकून खिशात. कुणाची छत्री एसटीत राहिली तर पुढच्या गाडीने मागे. तुझ्या खिशात कायम खळखळ असायची आणि वहिनी कपडे धुताना शिव्या द्यायची.

त्या खिशानेच मला सांगितलं. दवाखान्यातून तुझे कपडे दिले तेव्हा वहिनीने खिसा रिकामा केला आणि मूठ माझ्यापुढे उघडली. "हे कसले वो?" पितळेचे छोटे नट होते. मी ते पाहताक्षणी ओळखले. माझे होते. लोखंडाचे गंजतात म्हणून मीच ते शोधून आणले होते, चकल्या खुंटावर बसवायला. बसवलेल्या चकलीचे नट तुझ्या खिशात का?

मी यार्डात गेले. दोरीच्या बाहेर, गवतावर, दोन चकल्या डब्यांसकट शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. स्फोटाने उडून पडलेल्या नव्हत्या. ठेवलेल्या. केबल सोडवून तिचं वेटोळं करून डब्याखाली सारलं होतं. असं वेटोळं तूच करतोस. चौकशीला आलेल्या लोकांनी त्यांना ओलांडून फोटो काढले होते.

तिथून रहाटेंच्या घरी गेले. त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये तेच होते. आता रजेवर आहेत. शोकसभेत मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले होते. मी नट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक नट उचलून तळहातावर घेतला. मग बोलले.

"ताई, सकालची येल. पडद्यावर एकदम गर्दी उसळली. इतकी कवा बगितली नव्हती. सिद्धार्थभाऊ म्हनाले, रहाटे, लाइन काढ, बंद कर. मी म्हनालो, वरनं परवानगी नाय तर कशी काढू? तं म्हनाले, मग माग, पटकन माग. मी फोन लावला. तिकडनं म्हनाले, थांबा, विचारून सांगतो. भाऊ खिडकीत हुबे. मना म्हनाले, 'रहाटे, ही फुटली तर बायच्या चकल्या जातील रे.' मी फोनवर. बगतो तं भाऊ खडीवर गेलेले. एक आनली, भायेर ठेवली. दुसरी आनली. आनि माझ्याकडं बगून हात केला, असा, झाला म्हनून. तिसरीला गेले."

त्यांनी नट परत माझ्याकडे सारले आणि एवढंच म्हणाले, "मी हाक मारली नाय, ताई. फोन कानाला व्हता."

"हे चौकशीत सांगितलंत?"

"मना कोन इचारलाच नाय."

मी त्यांना सांगितलं, तुमच्या हाकेने तो थांबला नसता. ते खरं आहे. आईच्या हाकेनेही थांबला नव्हता.

घरी आले आणि मी तुझ्यावर जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नाही. तुला माहीत होतं ती फुटणार. तुला फुटलेल्या सीटीचा कागद ठाऊक होता, फाळी किती लांब उडतात ते ठाऊक होतं, म्हणून तर एवढं मोठं रिंगण घातलंस. बायांना सावलीतून उठवलंस, रहाटेंना वळसा घालायला लावलास. सगळ्या जगाला बाहेर ठेवलंस आणि चार तबकड्यांसाठी स्वतः आत गेलास. फुटल्या असत्या तर फुटल्या असत्या. त्यांचं काम झालं होतं. त्यांनी ओरडून सांगितलं होतं, तू ऐकलं होतंस, तेवढ्यासाठीच त्या होत्या. चिडून झालं की मग तुझा तो हात आठवतो. रहाटेंना केलेला. दुसरी सुखरूप आणल्याचा आनंद झाला असेल तुला. तिसरी घेऊन तू काय म्हणणार होतास ते मला माहीत आहे. "आता नाय पाडली बग."

साहेबांचा निरोप आलाय, दादा. आता सगळ्या उपकेंद्राला चकल्या लावायच्या म्हणतात. लवकर करून द्या, म्हणाले. खार असेल असं आता कुणी म्हणत नाही. रहाटे चौकशीपुढे जाऊन सगळं सांगणार आहेत, मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. निष्काळजीपणा हा शब्द मी तिथे राहू देणार नाही. त्याच्या जागी कुठला शब्द घालायचा, ते मात्र मला सुचलेलं नाही.

राहिली वहिनी. तिला सांगावं की नको, याचा मी बराच विचार केला. गाव तिला सांगत होतं की तिचा नवरा माणसं वाचवताना गेला. ते काढून घेऊन मी तिच्या हातात काय देणार होते? आइस्क्रीमचे दोन डबे? पण ती रोज विचारत होती आणि खोटं बोलायचं तर रोज बोलावं लागलं असतं. काल दुपारी पावसला तुमच्या घरी गेले. ती पडवीत सुकट निवडत बसली होती. मी समोर बसले आणि रहाटेंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. नट, चकल्या, हात केला तेही.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मना वाटलाच व्हता."

"म्हणजे?"

"बायांचा खोटा हाय, ते मी त्याच दिवशी वळकला. दोरी ह्यांनीच बांधलेली. ह्यांनी बांधल्यावर आत कोन असनार?" तिने सुपातला कचरा बाजूला टाकला. "तुमची चप्पल आनायला गेलेले तसेच गेले. मना सांगितला व्हता त्यांनी, लग्न झाला तवाच."

मला वाटलं आता ती रडेल. ती सुकट निवडत राहिली. मांजर आलं, त्याला तिने एक मासळी टाकली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वन्सं, तशी एक करायला किती दिस लागतात वो तुमाला?"

मी म्हटलं, "वर्ष."

तिने मान हलवली. "मग बराबर हाय," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

वर्ष पहिलीला लागलं होतं, दादा. एकदा जमल्यावर पुढची प्रत्येक दोन संध्याकाळींत होते. हे तुला सांगायची कधी वेळच आली नाही.